रेडिएटर फॅनच्या कामाबद्दल तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार दादा. तुम्ही आमच्या गॅरेजला एक स्टार देऊन लिहिलंय की फॅन चालत नव्हता म्हणून गाडी आणली, आम्ही ती रात्रभर ठेवून घेतली, शेवटी एक वायर बदलली आणि साडेआठशे रुपये लावले. फॅन डायरेक्ट, म्हणजे किल्ली फिरवल्यापासून सतत चालणारा, करून द्या म्हटलं तर नाही म्हणालो, आणि नंतर पन्हाळ्याला जाताना टेंपरेचरचा काटा परत वर गेला. सविस्तर उत्तर देतो, कारण जुनी गाडी घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरात येणाऱ्या कितीतरी जणांची हीच अडचण असते.

गाडी लावताना तुम्हीच सांगितलं होतं की हायवेला काटा निम्म्याखाली असतो, पण शिवाजी पुलाकडं उसाच्या ट्रॉलीमागं अडकलं की चढायला लागतो. एवढ्यावरनंच संशय फॅनवर जातो. गाडी पळत असताना समोरचा वारा रेडिएटर थंड ठेवतो. फॅनची खरी गरज गाडी उभी असताना किंवा रांगत असताना. रेडिएटर चोंदलेला असता किंवा थर्मोस्टॅट (गरम पाणी रेडिएटरकडं सोडणारा व्हॉल्व्ह) अडकलेला असता तर हायवेलाही गाडी तापली असती.

आता फॅन म्हणजे नुसती मोटर नव्हे. फ्यूज, रिले (मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), थर्मोस्विच (पाणी तापलं की फॅन लावणारा), कप्लर (वायरींचा जोड), मोटर, अर्थिंग (बॉडीला जोडलेली मायनस वायर), यातलं काहीही बिघडलं तरी गाडी गरमच होते. तुमच्या गाडीला आमच्याकडं येण्याआधीच दुसरीकडं नवी मोटर बसवून झाली होती आणि तक्रार जशीच्या तशी होती. म्हणून अजून एखादा पार्ट टाकून बघण्याऐवजी आम्ही मीटर हातात घेतला.

मोटरला बॅटरीवरून दोन वायरी सरळ दिल्या, जोरात फिरली. इंजिन चालू ठेवून तापू दिलं, रिलेचा टक्क आवाज आला, म्हणजे थर्मोस्विच काम करतोय आणि रिलेही ओढतोय. कप्लर काढून टेस्ट लॅम्प लावला, तोही पेटला. इथंच फसायला होतं. लॅम्पला अर्धा अँपिअरही लागत नाही, फॅनला दहाच्या आसपास लागतात. गंजलेल्या जोडातून लॅम्पपुरता करंट जातो, फॅनपुरता जात नाही. तुमचा फॅन पूर्ण बंद नव्हताच. फिरत होता, पण समोरच्या जाळीला वर्तमानपत्राचा कागद धरला तर तो न चिकटता खाली घसरत होता.

मग कप्लर परत जोडला आणि फॅन चालू असतानाच व्होल्ट मोजले. बॅटरीवर १३.८, मोटरपाशी जेमतेम ८. प्लसच्या बाजूला व्होल्ट फारसे वाया जात नव्हते, पण मोटरची मायनस आणि बॅटरीची मायनस यांच्यामध्येच साडेपाच व्होल्ट मरत होते. अर्थिंगची वायर धरून माग काढत बॅटरीच्या ट्रेखाली पोहोचलो. ट्रे काढल्यावर बोल्टभोवती हिरवट-पांढरी भुकटी साचलेली, आणि कधीतरी डेंटिंग-पेंटिंग करताना त्या जागेवर रंगही मारलेला. वायरवरचं प्लॅस्टिक वरून ठीक दिसत होतं, सोललं तर आतलं तांबं वीतभर काळं पडलेलं. जागा चकचकीत घासली, नवी वायर ओढली, लग (वायरच्या टोकाची रिंग) प्रेस करून बोल्ट आवळला, वर ग्रीस लावलं. परत मोजलं तर मायनसच्या बाजूचा ड्रॉप ०.१ व्होल्ट. कागद जाळीला लगेच चिकटला.

डायरेक्टबद्दल. डायरेक्ट करणं म्हणजे थर्मोस्विच आणि रिलेला बगल देऊन प्लसची वायर इग्निशनवरून मोटरला देणं. तुमचा फॉल्ट मायनसला होता दादा. प्लस कितीही डायरेक्ट दिला असता तरी फॅन तसाच मलूल फिरला असता आणि तुम्ही परत पुलावरच अडकला असता. वर तो फॅन किल्ली फिरवल्यापासून सतत चालणार, मोटरचे ब्रश लवकर झिजणार, ऑल्टरनेटरवर (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरवर) कायम लोड. शिवाय हे काम बहुतेक ठिकाणी फ्यूजशिवाय करतात. एवढा करंट ओढणारी वायर बिनफ्यूजची बॉडीला घासली तर गाडी पेटू शकते. म्हणून तसं काम आमच्याकडं कुणालाच करून मिळत नाही, मग गिऱ्हाईक नाराज झालं तरी चालेल.

रात्रभर का ठेवली? असे जोड तापल्यावर वेगळे आणि गार असताना वेगळे वागतात. गाडी पूर्ण थंड झाल्याशिवाय रेडिएटरचं झाकण उघडता येत नाही, पाण्याची लेव्हल खरी कळत नाही. सकाळी थंड इंजिन चालू करून, फॅन आपोआप लागून परत आपोआप बंद होईपर्यंत आम्ही गाडीपाशी थांबलो आणि मगच तुम्हाला फोन केला.

साडेआठशेत वायर, लग आणि कप्लरची नवी पिन मिळून दीडशे होते. उरलेले सातशे शोधण्याची आणि काम करण्याची मजुरी, ती बिलावर वेगळी लिहिलेली आहे. सामान कमी लागलं हे खरं आहे, पण मोजल्याशिवाय सामान टाकलं असतं तर आधी रिले, मग थर्मोस्विच आणि मग परत मोटर, असा खर्च तुमच्याच खिशातनं झाला असता.

पन्हाळ्याचं तुम्ही लिहिलंय की वाघबीळच्या चढाला एसी चालू असताना काटा निम्म्याच्या वर गेला आणि थोड्या वेळात खाली आला. खाली आला, म्हणजे बहुधा फॅन लागला आणि त्यानं काम केलं. थर्मोस्विचवरचा फॅन बहुतेक गाड्यांत पाणी नव्वद अंशांच्या पुढं तापल्यावरच लागतो, त्यामुळं चढाला काटा थोडा हलणार. काळजी तेव्हा करायची, जेव्हा तो चढतच राहतो. तसं झालं तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर टाकून ब्लोअर मोठा करा, जागा बघून गाडी बाजूला घ्या आणि झाकणाला हात लावू नका. तुमच्या रेडिएटरमध्ये साधं पाणी आहे, ते मी गाडी देतानाही बोललो होतो. कूलंट भरून घ्याच. पाण्याचा उकळबिंदू त्यानं वाढतो आणि आतून गंज धरत नाही.

एखाद्या सकाळी थंड गाडी घेऊन या. तुमच्यासमोर मीटर लावून मोटरपाशी किती व्होल्ट येतात ते दाखवतो, त्याचे पैसे नाहीत. आणि आधी काढलेली जुनी मोटर टाकून दिली नसेल तर सोबत आणा. बेंचवर लावून किती अँपिअर ओढते ते बघू. माझ्या अंदाजानं ती चांगलीच असणार, स्पेअर म्हणून ठेवता येईल.