९ टक्क्यांचा गटप्रमुख

भाचीला सहलीचे ४०० फोटो पाठवायचे होते आणि माझ्या फोनमध्ये ९ टक्के बॅटरी होती. “मामा, आधी चार्जिंगला लाव,” असे ती म्हणाली. पण दोन फोनमध्ये वीतभर अंतर असताना आणि वाय-फाय डायरेक्टला, म्हणजे फोनने फोनशी थेट बोलण्याच्या पद्धतीला, इंटरनेटही लागत नसताना वीज ती कितीशी लागणार, असा माझा हिशेब होता.

हिशेब पहिल्याच पायरीवर फसला. या पद्धतीत फोन एकमेकांना शोधताना आळीपाळीने हाका मारतात आणि कान देऊन बसतात. दोघे एकदमच ओरडले, तर कोणालाच काही ऐकू येत नाही. शिवाय रेडिओला नुसते ऐकायलाही बरीच वीज लागते, हे मला कोठे ठाऊक होते? पडद्यावरचे वर्तुळ गरगरत राहिले आणि भेट होईपर्यंत ७ टक्के उरले.

मग ‘ग्रुप ओनर’, म्हणजे ही जोडणी चालवणारा गटप्रमुख, ठरवणे आले. प्रत्येक फोन आपली इच्छा ० ते १५ या आकड्यांत सांगतो, आणि ज्याचा आकडा मोठा त्याच्या गळ्यात माळ पडते. तो आकडा सांगताना बॅटरीकडे पाहिलेच पाहिजे, असा दंडक नाही. माझ्या मरणपंथाला लागलेल्या फोनने काय आकडा सांगितला कोण जाणे, प्रमुखपद त्यालाच मिळाले.

त्याच वेळी दारावरची घंटा वाजली. ‘स्वीकारा’चे बटण न दाबताच भाची उठून गेली, तिचा फोन निवांत डुलक्या घेऊ लागला, आणि माझा मात्र सेकंदाला सुमारे दहा वेळा ‘मी आहे, मी आहे’ असा पुकारा करीत तापत राहिला. वास्तविक प्रमुखालाही गैरहजेरीची आगाऊ सूचना देऊन झोपण्याची सोय नियमांत आहे. पण मिळालेली रजा न घेण्याच्या बाबतीत माझा फोन माझ्यावरच गेला आहे.

भाची परतली, बटण दाबले गेले, ११२ फोटो पोहोचले आणि पडदा काळा झाला. तिने एक शब्दही न बोलता चार्जर आणून लावला, फोन सुरू होताच “आता मीच शोधते” म्हणत स्वतःचा ९१ टक्क्यांचा फोन पुढे केला, वर्तुळ पुन्हा गरगरले, आणि गटप्रमुख म्हणून माझाच फोन बिनविरोध निवडून आला.