पांढरी लागली का?

काल रात्री सोसायटीच्या ग्रुपवर माझ्या गाडीच्या पार्श्वभागाचा फोटो पडला. खाली मेसेज, 'काही लोक लाईट न लावता गाडी मागे घेतात, मुलं खेळत असतात.' नाव नाही, पण नंबरप्लेट अगदी झूम करून! अहो, रिव्हर्स लाईटला काय बटण असतं का? गियर टाकला की आपोआप लागते, नाही लागली तर मी काय टॉर्च घेऊन गाडीमागे पळू?

सकाळी बल्ब काढून बघितले, शाबूत. फ्यूजही ठणठणीत. मग इग्निशन चालू, इंजिन बंद, हँडब्रेक ओढला, रिव्हर्स टाकला, मागे जाऊन बघितलं तर काळोख. पण गियरचा दांडा जरा दाबून हलवला की आरशात काहीतरी चमकल्यासारखं वाटायचं. म्हणजे दांडा धरायला एक माणूस नि बघायला दुसरा. आणि तेवढ्यात, कुणी बोलावलेलं नसताना, तळमजल्यावरचे काका आले.

काका वीजखात्यातून रिटायर. "लाईटीचं मला सांगू नका, आयुष्य त्यात गेलं."

"काका, लागली का?"

"लागली!"

"कुठली?"

"लाल."

"ती ब्रेकची हो. पांढरी बघा."

"पांढरीपण आहे की, मगापासून आहे!"

उतरून बघितलं तर नंबरप्लेटचा दिवा. पार्किंग लाईट चालू होते, त्याच्यासोबत तोही लागतो.

"पांढरा आहे, मागे आहे, अजून काय पाहिजे तुम्हाला?" काका म्हणाले. वर त्यांच्या स्कूटरला रिव्हर्सच नव्हता म्हणून ही कटकटच नव्हती, असंही ऐकवलं. मी परत आत जाऊन दांडा हलवतोय, तर हे डिकीवर थापा मारतायत, "येऊ द्या, येऊ द्या... बस्स!" इंजिन बंद होतं. गाडी इंचभरही हलली नव्हती.

शेवटी कंटाळून मी दार उघडलं, तर म्हणतात कसे, "मघाशी एकदा पांढरी भपकन लागली होती, दोन्हीकडे. पण मला वाटलं तुम्हाला ती नकोय."

सर्व्हिस सेंटरवाल्याने तर बॉनेटही न उघडता सांगितलं, "टेललॅम्पची असेंब्लीच बदलावी लागेल." आणि या दिव्य दृष्टीचा तपासणी चार्ज, वर १८ टक्के जीएसटी. हे मात्र मला हसण्यावारी नेता येत नाहीये. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना रिव्हर्स सेन्सर सक्तीचा झाला, माझ्याही गाडीला आहे, मांजर आडवं आलं तरी कोकलतो. सीटबेल्ट काढला की डॅशबोर्ड आकांडतांडव करतो. पण मागचे दिवे गेले की गाडी मूग गिळून गप्प! ते कळणार ग्रुपवर, जाहीर.

कोपऱ्यावरचा वायरमन गाडीखाली शिरला, गियरबॉक्सवरचा दोन पिनांचा प्लग काढला, वायरचा तुकडा घालून दोन्ही पिना जोडल्या, आणि मागे लख्ख उजेड. "रिव्हर्स लाईटचा स्विच गेलाय साहेब, असेंब्लीला काय धाड भरलीय?" पण स्विच त्याच्याकडे नव्हता, नाना पेठेतून आणायचा.

"उद्या येईल. तोपर्यंत डायरेक्ट जोडून देऊ का? दिवसभर चालू राहील."

म्हणजे मी सिग्नलला पुढे तोंड करून उभा, आणि मागचे सगळे, हा आता अंगावर येतो म्हणून, हॉर्न मारतायत.




नको म्हटलं.