'टार्गेट ८ दिलं की जावा ८ वर चालतं' : हे खरं नाही

जावाच्या चर्चांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: 'जेडीके १७ खुशाल वापरा, सोर्स आणि टार्गेट दोन्ही ८ ठेवा, प्रोग्राम जावा ८ वर चालणारच.' (जेडीके म्हणजे जावात प्रोग्राम बनवण्याची साधनं, त्यात कंपायलरही आला; सोर्स आणि टार्गेट हे त्या कंपायलरला द्यायचे पर्याय.) या सल्ल्याच्या बाजूने जे सांगितलं जातं, ते एकेक तपासू.

'टार्गेट ठरवलं की सगळंच ठरतं.' नाही. सोर्समुळे भाषेचे नियम ठरतात, टार्गेटमुळे क्लास फाइलचं, म्हणजे कंपाइल होऊन बनणाऱ्या फाइलचं, स्वरूप. ८ साठी तिच्यावर ५२ हा आकडा पडतो. कंपायलर कोणत्या लायब्ररीत बघतो, ते मात्र बदलत नाही. तो जेडीके १७ चीच लायब्ररी बघतो. म्हणून जावा ११ मध्ये आलेली स्ट्रिंगची 'इजब्लँक' ही मेथड बिनबोभाट कंपाइल होते आणि जावा ८ वर कोसळते.

'मग नव्या मेथड वापरायच्या नाहीत, प्रश्न मिटला.' मला सर्वांत घातक वाटतो तो हा मुद्दा, कारण यात सावध माणूसही फसतो. बाइटबफर या क्लासवरची 'फ्लिप' ही मेथड घ्या. ती फार जुनी. जावा ८ मध्ये ती 'बफर' (बाइटबफरचा पालक-क्लास) परत करते. जावा ९ पासून बाइटबफरने ती स्वतःकडे नव्याने लिहिली आणि ती 'बाइटबफर' परत करू लागली. क्लास फाइलमध्ये मेथडच्या नावाबरोबर परतीचा प्रकारही नोंदला जातो. तुमच्या कोडमध्ये एक अक्षरही नवं नाही, तरी जावा ८ ला त्या नोंदीची मेथड सापडत नाही आणि 'नोसचमेथडएरर' येते. तीही कंपाइल करताना नाही, ती ओळ प्रत्यक्ष चालेल तेव्हा. कोड कितीही बारकाईने वाचला तरी हे दिसणार नाही.

'चूक असती तर कंपायलर बोलला असता.' तो बोलतोच! बूटस्ट्रॅप क्लासपाथ (जावाची मूळ लायब्ररी कुठे शोधायची, तो पत्ता) दिलेला नाही, अशी वॉर्निंग येते. पूर्वी जावा ८ ची 'आरटी डॉट जार' ही लायब्ररीची फाइल हाताने द्यावी लागे, ती याचसाठी. ही वॉर्निंग कृपा करून दडपू नका.

'कंपायलरचा रिलीज हा पर्याय म्हणजे सोर्स आणि टार्गेटचंच छोटं रूप.' हेही चूक. २०१७ च्या जेडीके ९ पासून आलेला 'रिलीज' जुन्या आवृत्तीच्या सार्वजनिक एपीआयची (बाहेरून वापरता येणाऱ्या क्लास-मेथडची) नोंदच कंपायलरपुढे ठेवतो. ती जेडीकेच्या आतच असते. रिलीज ८ दिलंत की 'इजब्लँक' जागीच अडते आणि 'फ्लिप'ची नोंदही बरोबर पडते. त्याच्यासोबत सोर्स-टार्गेट देता येत नाहीत. मेवन हे बिल्ड-साधन वापरत असाल तर त्यात 'मेवन डॉट कंपायलर डॉट रिलीज' लिहा.

मात्र रिलीजची हमी जेडीकेच्या लायब्ररीपुरतीच. क्लासपाथवरची एखादी जार (तुम्ही जोडलेली दुसरी लायब्ररी) जावा १७ साठी बांधलेली असेल, तर जावा ८ ती उघडणार नाही; ती वेगळी तपासावी लागते.