ताईंचे हात दुपारी बरे असतात

काल लग्नाच्या चुड्यासाठी कासारमामा घरी आले होते. सगळ्या बायका ओसरीवर, समोर हिरव्या बांगड्यांचा ढीग, आणि माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना मी ताई म्हणते, त्या आत एकट्याच भांडी लावत बसल्या होत्या. बोलवायला गेले तर म्हणाल्या, "अगं माझ्या हातात कुठली जातीय, उगाच सगळ्यांसमोर नको." पूर्वी दोन चारची बांगडी त्यांच्या हातात सर्रकन चढायची. आता मुठीचे सांधे सुजलेत, मनगट जाड झालंय. पोटात तुटलं एकदम, म्हणून लिहितेय.

ताईंना आमवात आहे, डॉक्टर रुमॅटॉइड आर्थरायटिस म्हणतात. सुरू झालं तेव्हा वय 36. लोक म्हणतात वातच ना, वयानुसार होतोच. नाही हो, म्हातारपणी गुडघे झिजतात ते वेगळं. ह्यात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उठते, आणि पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पट जास्त होतो.

आता जे लिहितेय ते लिहायला जड जातंय. पहिली दोन वर्षं माझा ताईंवर विश्वास नव्हता. सकाळी सहाला डब्यांची घाई, मी एकटी पोळ्या लाटतेय, ह्या गरम पाण्यात हात बुडवून बसलेल्या, आणि दुपारी मात्र छान भाजी निवडतायत, शेजारणीशी हसतायत. मला वाटायचं कामाच्या वेळेलाच बरे दुखतात हात. नवऱ्यापाशी बोलूनही दाखवलं होतं. मग मिरजेच्या डॉक्टरांनी समजावलं की ह्या आजाराची खूणच ती, रात्रीत सांधे आखडतात, सकाळी तास-दीड तास मूठ वळत नाही, हालचाल होईल तसे सैल होतात. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तोवर बराच उशीर झाला होता. एका ठिकाणी आरए फॅक्टर (ह्या आजारासाठीची रक्ततपासणी) निगेटिव्ह आला म्हणून कॅल्शियम देऊन घरी पाठवलं, तो निगेटिव्ह असूनही हा आजार असू शकतो हे आम्हाला कुठं माहीत. एकाने पुड्या दिल्या, आठ दिवसांत सूज गायब, आणि मग चेहराच सुजायला लागला. डॉक्टर म्हणाले त्यात स्टिरॉइड असणार. एकदा वाकडा झालेला सांधा गोळीने सरळ होत नाही, त्यामुळे घरात कुणाची बोटं काही आठवडे सुजलेली राहिली तर थेट रुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे अशा सांध्यांच्या आजारांचे डॉक्टर, गाठा.

आता मेथोट्रेक्सेट चालू आहे, प्रतिकारशक्तीला आवर घालणारं औषध. ही गोळी आठवड्यातून एकदाच, रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, आणि एकदा मेडिकलवाल्याने पाकिटावर "रोज 1" लिहून दिलेलं, ताईंनीच पकडलं. तेव्हापासून कॅलेंडरवर प्रत्येक रविवारी लाल गोल. सोमवारी त्यांना मळमळतं, अंगात त्राण नसतं, म्हणून सोमवारचं स्वयंपाकघर माझं, त्यावर चर्चा नाही. रक्त आणि लिव्हरच्या तपासणीला पण मीच सोबत जाते.

पण मदत करणंही शिकावं लागलं. सुरवातीला मी हातातलं लाटणं काढून घ्यायचे, "तुम्ही बसा ताई." एक दिवस चिडल्या, "मला माझ्याच घरात पाहुणी नको करूस गं." बरोबर होतं त्यांचं. मग कामं फिरवली. कणीक, कपडे पिळणं, कुकरचं झाकण हे माझं नाहीतर भाऊजींचं (हो, भाऊजी कणीक मळतात आणि छान मळतात). फोडणी, हिशोब, पोरांचा अभ्यास, सगळं दहानंतर ताईंचं. पिळायचे नळ काढून दांडीचे बसवले. आणि मी आता "कसं वाटतंय" विचारत नाही, त्यावर "बरंय" एवढंच येतं. "आज मूठ वळतीय का" विचारलं की खरं सांगतात.

नातेवाइकांना हात जोडून एकच, लिंबू खाणं सोडा, मेथी खा, अमकी गोळ्या सोडून बरी झाली, हे फोनवर सांगू नका. त्या ऐकून घेतात आणि मग रविवारी गोळी हातात धरून मला विचारतात, "घेऊ का गं?"

कालचं राहिलंच. कासारमामांना आतच बोलावलं. त्यांनी ताईंचा हात बघितला, काही न विचारता पेटीतून हिरव्या मिन्याच्या, खटका दाबून उघडणाऱ्या पाटल्या काढल्या. बसल्या बरोब्बर. खटका मात्र मला लावावा लागला, त्यांच्या अंगठ्यात तेवढा जोर नाही. खटक्याऐवजी चुंबकाच्या कुठं मिळत असतील तर कमेंटमध्ये सांगा, ताईंना स्वतःच्या हाताने घालायच्यात.