सही केलीत, पण हरकत कुठे दिलीत?

“एक लाख सह्या झाल्या की महापालिकेला निर्णय मागे घ्यावाच लागतो. घटनेचं कलम 350! ही जनहित याचिका आहे. लिंकवर सही करा, तीच तुमची हरकत. वॉर्ड ऑफिसात हेलपाटे नकोत. आरे असंच वाचलं. दहा जणांना पाठवा.”

हा मजकूर चार ग्रुपांतून आला तेव्हा मी सोडून दिला. पाचव्यांदा मावशीकडून आला. तिच्या गल्लीच्या तोंडावरचे दोन गुलमोहर तोडायचे आहेत, तशी नोटीस खोडांवर लागली होती, हरकतीसाठी सात दिवस. मी फोन केला तेव्हा मुदत संपून तीन दिवस झाले होते. “हरकत दिलीस ना?” “दिली की. सगळ्या बिल्डिंगने सही केली.” उद्यान विभागाच्या आवक रजिस्टरात त्या बिल्डिंगचा एकही कागद नव्हता. म्हणून हे लिहितोय, आणि जरा चिडूनच लिहितोय.

आधी तो लाखाचा आकडा. तो आपल्याकडचा नाहीच. ब्रिटिश संसदेच्या संकेतस्थळावर 10,000 सह्या झाल्या की सरकार उत्तर देतं आणि एक लाख झाल्या की चर्चेसाठी विचार होतो. विचार! 2019 मध्ये ब्रेक्झिट रद्द करा म्हणून तिथे साठ लाखांहून जास्त लोकांनी सही केली. चर्चा झाली आणि 31 जानेवारी 2020 ला ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं. आपल्या महापालिका कायद्यात असा कुठलाच आकडा नाही, लाखाचा नाही आणि कोटीचाही नाही.

कलम 350 खरं आहे, पण ते उघडून वाचायची तसदी कोणी घेतलेली नाही. गाऱ्हाणं दूर व्हावं म्हणून केंद्राच्या किंवा राज्याच्या अधिकाऱ्याकडे तिथे वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत निवेदन देता येतं, एवढंच ते म्हणतं. मुद्दा भाषेचा आहे. निवेदन मान्य करायलाच हवं, असं त्यात कुठेही नाही.

‘जनहित याचिका’ हा तर शुद्ध शब्दांचा घोळ. मराठीत कोर्टातलीही याचिका आणि लिंकवरचीही याचिकाच, त्यामुळे मावशीला वाटलं आपण हायकोर्टात गेलो. कोर्टात जायला एरवी रीतसर अर्ज, प्रतिज्ञापत्र, कागदपत्रं लागतात. लिंकवर नाव आणि ईमेल टाकून कोणी कोर्टात जात नाही.

आता ज्या वाक्याने खरं नुकसान केलं ते वाक्य: “सही करा, तीच तुमची हरकत.” ती लिंक मी उघडून बघितली. याचिका थेट मुख्यमंत्र्यांच्या नावे. गुलमोहरांची नोटीस काढणारा पालिकेचा वृक्ष अधिकारी, त्याचा त्यात उल्लेखच नाही. नोटिशीचा क्रमांक नाही, झाड कुठलं ते नाही, तारीख नाही. ‘झाडे वाचवा’ एवढं मोठ्या अक्षरात. अशा सह्या कुठल्या फायलीला लावायच्या? 1975 च्या झाडांच्या कायद्यात नोटीस झाडावर आणि वर्तमानपत्रात द्यावी लागते, ती लोकांनी वेळेत बोलावं म्हणूनच. विकास आराखड्याचंही तेच. नगररचना कायद्याखाली मसुदा प्रसिद्ध होतो, ठरलेल्या मुदतीत लेखी सूचना-हरकती घेतल्या जातात, त्यावर सुनावणी होते. मुदतीत तुमचं नाव आलं नाही तर सुनावणीलाही बोलावणं नाही. ऑनलाइन असण्यावर माझा राग नाही. नोटिशीवर ईमेल दिला असेल तर खुशाल ईमेल करा, पण त्या पत्त्यावर, त्या नोटिशीचा क्रमांक घालून.

आणि “आरे असंच वाचलं”? हे वाचून तर मी मोबाइल बाजूला ठेवला. 2019 मध्ये मुंबईच्या आरे वसाहतीत मेट्रो-3 च्या कारशेडसाठी 2,646 झाडं हटवायच्या प्रस्तावावर 80,000 हून जास्त हरकती आल्या होत्या. नुसत्या सह्या नव्हेत, पालिकेकडे पोचलेल्या हरकती. तरी 29 ऑगस्टला वृक्ष प्राधिकरणाने, म्हणजे झाडतोडीला परवानगी देणाऱ्या पालिकेच्या समितीने, 8 विरुद्ध 6 मतांनी प्रस्ताव मंजूर केला. 4 ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. 7 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली तेव्हा 2,141 झाडं आडवी झाली होती. त्या न्यायालयाने दखल कशाची घेतली? कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या एका पत्राची. आज तिथे कारशेड उभी आहे, मेट्रो धावते आहे. याला ‘वाचलं’ म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

एक मात्र नाइलाजाने मान्य करतो. संख्येचा दाब पडतो. 2015 मध्ये मुंबईच्या विकास आराखड्याच्या मसुद्यावर इतका गदारोळ झाला, इतक्या हजारो सूचना-हरकती आल्या, की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो नव्याने करायला सांगितलं. लिंकमुळे माणसं जमतात, वार्ताहराला बातमी मिळते, हेही खरं. शिवाय 2022 नंतर तीन वर्षांहून जास्त काळ राज्यातल्या बहुतेक महापालिकांत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. दार ठोठवायचं तर कुणाचं? लोक लिंकांकडे वळले यात नवल नाही. पण मुंबईतल्या त्या हरकती पालिकेकडे रीतसर दाखल झाल्या होत्या, ग्रुपवर फिरत नव्हत्या.

गुलमोहरांचं काय झालं ते कळायला मावशीने माहिती अधिकाराचा अर्ज टाकला आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, तीस दिवसांची मुदत. परवानगी कोणत्या कारणाने दिली आणि हरकती किती आल्या, एवढंच विचारलंय. उत्तर येईपर्यंत झाडं उभी असतील याची हमी कोणी देत नाही.

तिने मला विचारलं, “मग सही मागे घेऊ का रे?” कशाला? असू दे ती तिथे. पुढची नोटीस दिसली की मात्र कागद दोन प्रतींत ने, एका प्रतीवर शिक्का मारून घे आणि आवक क्रमांकाचा फोटो ग्रुपवर टाक.