पुस्तकाला चिप लावली, एवढ्यावर पेटंट?

अमेरिकेत पेटंट सुखासुखी मिळते आणि आपल्याकडे विनाकारण अडवले जाते, ही तक्रार भारतातील चर्चेत हमखास असते. तिचा रोख मुख्यतः दोन तरतुदींवर असतो: भारतीय पेटंट कायद्यातले, ज्ञात उपकरणांच्या नुसत्या नव्या मांडणीला शोध न मानणारे कलम ३ आणि मंजुरीपूर्वी कोणालाही आक्षेप घेऊ देणारे कलम २५(१). इथे अमेरिकेत राहून मला या तरतुदींचे मोल उलट वाढलेले दिसते.

इथल्या सार्वजनिक ग्रंथालयात परतीच्या खिडकीत पुस्तक टाकले की १३.५६ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालणारी, पुस्तकाला चिकटवलेली चिप वाचली जाते, वाचकाच्या खात्यावरची नोंद उतरते आणि पट्ट्यावरून पुस्तक योग्य पेटीत पडते. पट्टा जुना, नोंदींची प्रणाली जुनी. बारकोडच्या जागी चिप आली आणि तिने चिपचेच काम केले. जाणकाराला सहज सुचेल अशा गोष्टीला पेटंट मिळत नाही. अशी जोडणी तशी सहज सुचण्याजोगी आहे की नाही, हे जुन्या कागदपत्रांत तसा लेखी संकेत सापडतो का एवढ्यावरच ठरवू नये, असे अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये केएसआर खटल्यात बजावले. तो खटला होता मोटारीच्या पेडलला सेन्सर जोडण्याचा. कारखान्यातली किरकोळ सुधारणा म्हणजे शोध नव्हे, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच म्हटले होते.

अर्थात सगळेच सहज सुचणारे नसते. मुलांची पातळ पुस्तके कपाटात दाटीने उभी असली की चिपा एकमेकींवर येतात, त्यांचे अँटेना एकमेकींना बिघडवतात आणि कपाटावरून यंत्र फिरवूनही काही पुस्तके नोंदीत येतच नाहीत. त्यासाठी चिपा कमीजास्त उंचीवर चिकटवणे ही कर्मचाऱ्यांची नेहमीची युक्ती आहे. त्यापलीकडचा, जाणकारालाही अनपेक्षित असा तोडगा कोणी काढला, तर त्याला पेटंट अवश्य मिळावे.

हा फरक देवघेवीच्या टेबलावर बसणाऱ्याला लगेच कळतो. पण अमेरिकेत मंजुरीपूर्वी त्रयस्थाला फक्त कागदपत्रे पाठवता येतात. त्यापुढे त्या प्रक्रियेत त्याला स्थान नाही. मंजुरीनंतर पेटंटला आव्हान देता येते, पण वकिलांचा तो खर्च गावच्या ग्रंथालयाला कुठून परवडणार? भारतात ठाण्याचा एखादा ग्रंथपालही मंजुरीपूर्वी आक्षेप घेऊन सुनावणी मागू शकतो. निव्वळ वेळ काढण्यासाठी दुसऱ्याच्या नावाने आक्षेप घातले जातात, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु भारताच्या २०२४ च्या पेटंट नियमांनी आक्षेपाला शुल्क लावले, त्याचा भार त्या ग्रंथपालावरही पडतो. आक्षेप मुळात ग्राह्य आहे का, हे नियंत्रकाने, म्हणजे पेटंटवर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याने, आधी तपासण्याची पायरी त्याच नियमांत आहे. गैरवापर रोखायला ती पुरेशी असताना सार्वजनिक ग्रंथालयांना तरी शुल्क माफ करावे.