खुलासा : जंगलातला बांबू सर्वांना मोकळा झालेला नाही

‘बांबू आता गवत ठरलाय, कुणीही जंगलात जाऊन तोडावा,’ हा फिरणारा मजकूर चुकीचा आहे. २०१७ च्या दुरुस्तीने भारतीय वन अधिनियमातील ‘झाड’ या व्याख्येतून बांबू वगळला, पण त्याचा लाभ शेतात, बांधावर, म्हणजे वनक्षेत्राबाहेर वाढवलेल्या बांबूला. जंगलातला बांबू आजही वनोपजच, म्हणजे वन कायद्याच्या नियमांखाली येणारं जंगलाचं उत्पादन आहे.

मग तिथल्या लोकांच्या रोजगाराचं काय? त्याचा रस्ता २००६ च्या वनहक्क कायद्यातून जातो. सामूहिक वनहक्क (जंगलावर गावाचा एकत्रित हक्क) मिळालेल्या गावात बांबूवर मालकी ग्रामसभेची. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २०११ मध्ये बांबू बाहेर नेण्याचे वाहतूक परवाने स्वतः देण्याचे अधिकार मिळाले आणि ग्रामसभेनं स्वतः बांबू विकला. मजुरी गावात आली, जंगल राखायची जबाबदारीही गावानंच घेतली.

त्या फिरणाऱ्या मजकुरावर विसंबून कोयता घेऊन गेलेल्या गरीब माणसावर गुन्हा दाखल होऊ शकतो. कृपया तो पुढे पाठवू नका.